मूठ पिळली कुणी?

आमच्या ह्यांनी कजोडमलच्या भाजीच्या हातगाडीत राजदूत मोटारसायकल घातली, तेव्हा जवाहर नगरच्या आमच्या गल्लीत बरीच माणसं उभी होती. सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली. वळणावर गाडी हळू व्हायची सोडून एकदम किंचाळली आणि पुढे सुटली. गाजरं, मटार, मुळे, सगळं रस्त्यावर. कजोडमल चपळ म्हणून वाचला. ह्यांचा गुडघा खरचटला, मडगार्ड चेपलं, बाकी कुणाला काही झालं नाही. "अंकलजी ने रेस छोड़ने की जगह और दे दी," समोरचे माथुरजी बाल्कनीतून म्हणाले, आणि तेवढ्या वाक्यावर गल्लीने निकाल लावून टाकला.

हे गुडघा धरून उठले आणि एवढंच म्हणाले, "मी मूठ सोडली हुती."

कुणी ऐकून घेतलं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस 'मी मूठ सोडली होती' म्हणतो तेव्हा लोक मान डोलावतात, आणि ती मान हो म्हणणारी नसते. मी चुरडलेली गाजरं गोळा केली, कजोडमलची समजूत घातली आणि पुढचे कित्येक दिवस घरात गाजराचा हलवा केला. हलवा कुणालाही गोड लागला नाही.

आमचे हे म्हणजे सर्जेराव, फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले सुभेदार. गाव साताऱ्याकडचं, पण शेवटची पोस्टिंग जयपूरला झाली, मुलगा निलय इथेच शिकला, इथेच नोकरीला लागला, आणि आम्ही इथेच राहिलो. फौजेत ट्रक, जीप, मोटारसायकली, जे येईल ते ह्यांनी उघडलं आणि परत चालतं केलं. घरची राजदूत निलय रांगत होता तेव्हापासूनची. पेट्रोलात तेल मिसळून चालणारी, निळा धूर सोडणारी टू-स्ट्रोक. आता तशा गाड्या बनतही नाहीत. निवृत्तीनंतर सांगानेरच्या एका हातकागदाच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायला हे अधूनमधून जात, ते त्याच गाडीवरून. त्या दिवशीही तिथूनच परत येत होते.

संध्याकाळी निलयने हात पुढे केला. "बाबा, किल्ली द्या."

मी मनातल्या मनात कंबर कसली. आता घर डोक्यावर घेणार हा माणूस. साध्या टीव्हीच्या रिमोटसाठी भांडणारा माणूस, गाडीची किल्ली देतोय होय! पण ह्यांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि मुकाट्याने निलयच्या हातावर ठेवली. अपघाताने मी घाबरले नव्हते. ते पाहून मात्र घाबरले.

स्वयंपाकघरात निलय मला हळू आवाजात म्हणाला, "आई, मतलब, चिडू नकोस. सावनीच्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी हात ऐकेनासा झाला, मग माणसं विसरायला लागले. आपण मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ. पुढच्या आठवड्याची वेळ मिळालीय."

सावनी, माझी सून, मागे उभी होती. बिचारीचे डोळे भरले होते. मला मात्र भयंकर राग आला. कुणाचा, ते ठरेना. मुलाचा म्हणावं तर तो काळजीनेच बोलत होता. ह्यांचा म्हणावं तर ह्यांनी काय केलं होतं? हाच तर प्रश्न होता. मूठ सोडली होती, की पिळली होती?

निलय अगदीच एकांगी नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एका मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने किक मारली, गाडी थोडा वेळ चालू ठेवली, इंजिनच्या सांध्यांवर कसला तरी फवारा मारून कान लावला. आवाजात काही फरक पडला नाही. "गाड़ी एकदम ओके है," तो म्हणाला. मग ह्यांच्याकडे न बघता, "बाबूजी की उमर हो गई, और क्या."

त्यानंतर घरात एक नवीन माणूस राहायला आला. दिसायला ह्यांच्यासारखाच, पण हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. सकाळी माझं ब्लडप्रेशर बघायचं काम वर्षानुवर्षं ह्यांचं. घड्याळाच्या तबकडीचं जुनं यंत्र आहे आमच्याकडे, रबरी फुगा दाबून हवा भरायचं. ते काम त्यांनी सावनीवर ढकललं. सांगानेरला जाणं बंद. व्हरांड्यात उन्हात बसायचे आणि उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे. मूठ मिटायची, उघडायची. मी आले की हात शालीत. मी पाहिलंच नाही असं दाखवायची, आणि आत जाऊन भांडी आपटायची.

डॉक्टरांचा दिवस जवळ आला होता. निलय आणि सावनी ऑफिसला गेले. मी धुणं वाळत घालायला पुढच्या अंगणात आले तर हे जमिनीवर बसलेले, समोर पान्यांची पेटी. एकेक पाना फडक्याने पुसून, तेलाचा हात देऊन जुन्या पोत्यात गुंडाळत होते.

"हे काय चाललंय?"

"बांधून ठेवतोय. निलय सांगंल त्याला देऊन टाकू. गाडी बी."

हातातलं ओलं लुगडं मी बादलीत टाकलं. अंगाचा तिळपापड झाला माझा. "एक सांगा मला. तुम्ही मूठ सोडली हुती का न्हाई?"

"सोडली हुती."

"मग गाडी पळाली कशी? भूत बसलं हुतं का तिच्यात?"

त्यांनी हातातला पाना परत पुसायला घेतला. मग पान्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "टू-स्ट्रोकमध्ये असं हुतं कधी. कार्बोरेटरमधनं हवा आन् पेट्रोल मापानं आत जातंय. पण कुठं फट पडली, सील गेलं, तर इंजिन भाईरची हवा चोरून वढतंय. पेट्रोल कमी, हवा जास्त. मग मूठ सोडली तरी इंजिन खाली येत न्हाई. उलट चढतंय."

"मग हे निलयला का न्हाई सांगितलं?"

"मेकॅनिकनं बघितलं की. त्याला काय घावलं न्हाई."

"तुम्ही बघितलं का?"

त्यांनी पोत्याची गाठ आवळली, आणि मला सगळं लख्ख कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं उघडणारा हा माणूस स्वतःची गाडी उघडायला घाबरत होता. उघडली आणि फट सापडली नाही, तर? मग उरणार कोण? उरणार तो हात. त्यापेक्षा पाने बांधून ठेवलेले बरे.

मी सरळ घरात गेले. निलयने किल्ली देवघराखालच्या खणात, वातींच्या डब्यामागे लपवली होती. माझ्या घरात माझ्यापासून वस्तू लपवायची म्हणजे माझ्याच देवांपुढे लपवायची! किल्ली आणून मी पेटीवर ठेवली.

"उघडा गाडी."

"अगं, वर्कशॉपला गेजवाला पंप हुता. इंजिनची सगळी तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आन् काटा बघायचा. काटा पडला की समजायचं, फट हाय. इथं काय हाय आपल्याकडं?"

बोलता बोलता त्यांचीच नजर दारातून आत गेली, टेबलावर. तिथे माझं ब्लडप्रेशरचं यंत्र होतं. फुगा, नळ्या, तबकडी, काटा. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर जुना सर्जेराव जरासा डोकावला.

पुढचा तास मी धुणं विसरले. सायलेंसर निघाला, त्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर लोखंडी पट्टी आवळली. कार्बोरेटर निघाला. इंजिनाला जोडलेली जी आखूड नळी उरली, तिच्यात बसवायला बूच हवं होतं. मी बेसिनचं रबरी बूच आणून दिलं. त्याला दोन भोकं पाडून ह्यांनी यंत्राच्या दोन्ही नळ्या आत घातल्या. दंडाला बांधायचा पट्टा बाजूला पडला. मी एका वाटीत भांड्यांच्या साबणाचा दाट फेस केला, ह्यांचा जुना दाढीचा ब्रश घेतला.

"दाब फुगा," ते म्हणाले. स्वतः दाबेनात. मी दाबला. काटा चढत चढत पार वर गेला. माझं प्रेशर तेवढं झालं असतं तर मला उचलूनच न्यावं लागलं असतं. मग आम्ही वाट पाहिली. मी सांध्यासांध्यावर फेस लावत गेले. एक बुडबुडा नाही. काटा तिथेच.

जानेवारीची सकाळ होती, लोखंडाला हात लावला तर बोटं बधिर होत होती. हे काट्याकडे बघत उकिडवे बसले होते. काटा हलला नाही. शेवटी त्यांनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठले.

"झालं," म्हणाले. "गाडी चांगली हाय."

गाडी चांगली आहे हे वाक्य इतक्या पडलेल्या आवाजात मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते आत जायला वळले. मला रडू येत होतं आणि मला रडू आलं की आधी राग येतो.

"थांबा! त्या दिवशी तुम्ही कुठनं आला हुता?"

"सांगानेरवरनं."

"म्हंजे गाडी तव्यासारखी तापलेली. आन् मेकॅनिकनं कधी बघितली? सकाळी, गारठ्यात. आन् आपण आत्ता बघतोय ती कशी हाय? बर्फ! माझा कुकर गार असताना कधी बाजूनं फुसफुसतो का? चांगला आचेवर चढला की मग त्याची रिंग नखरे करती. तापवा की तिला!"

ते दारातच उभे राहिले. मी म्हटलं त्यात काही मोठं शास्त्र होतं असं नाही. शांत डोक्याने बसले असते तर त्यांना माझ्या आधी सुचलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःचं शहाणपणही आठवत नाही. ते परत आले आणि पाना उचलला.

कार्बोरेटर परत बसवला, सायलेंसर बसवला. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. बारीक नट चिमटीत धरून, न बघता, आट्यावर बरोबर बसवत होते. बोट हलत नव्हतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी हाताकडे बघितलं असतं, आणि मग नट पडला असता.

किक मारताना ह्यांचा गुडघा दुखला, पण गाडी सुरू झाली. डुग डुग डुग, शहाण्या मुलीसारखी. अंगण धुराने भरलं. गाडी उभ्या स्टँडवर आणि हे शेजारी उभे, उजवा हात मुठीवर, अधूनमधून रेस देत तिला तापवत होते. माथुरजी स्वेटर घालून बाल्कनीत आले. "भाभीजी, ये क्या धुआँ..."

"मच्छर भगा रहे हैं, भाईसाब!" मी ओरडले. "दस मिनट ठहरिए!"

ते ठहरले. माणूस चौकस आहे, आत जाणं त्यांना जमलंच नसतं.

गाडी तापली. आता जवळ उभं राहिलं तरी धग लागत होती. ह्यांनी मूठ सोडली. म्हणजे पीळ पूर्ण सोडला, मी डोळ्यांनी पाहिलं. डुग डुग डुग खाली आलं. आणि मग, कुणी काही न करता, आवाज हळूच वर चढायला लागला.

हे दचकले. त्यांनी पहिल्यांदा गाडीकडे नाही पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात अजून मुठीवर हलकासा टेकलेला होता. त्यांनी तो विस्तवावरून उचलावा तसा उचलला. आवाज चढतच होता. मग त्यांनी दुसराही हात उचलला, एक पाऊल मागे सरकले, आणि दोन्ही हात खांद्याच्या वर धरून तसेच उभे राहिले. समोर राजदूत एकटी, कुणाचा स्पर्श नाही, आणि ती त्या दिवशी किंचाळली होती तशीच किंचाळत होती. तोच आवाज. सगळी गल्ली ऐकत होती.

"भाभीजी!" माथुरजी बाल्कनीतून अर्धे बाहेर आले. "रेस तो अपने आप चढ़ रही है! अंकलजी के तो हाथ ऊपर हैं!"

"देख लीजिए!" मी ओरडले. "ठीक से देख लीजिए!"

हे हलेचनात. हात तसेच वर, तोंडावर ऊन, डोळे मिटलेले. गाडीचं इंजिन जळून जाईल ह्याचं त्यांना भान नव्हतं. शेवटी मीच पुढे होऊन किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. मी पायरीवर बसले. कितीतरी दिवस छातीवर एक धोंडा घेऊन मी वावरत होते, तो उतरल्यावर कळलं केवढा होता ते. मी पदराने डोळे पुसले आणि माथुरजींना दिसू नये म्हणून नाक शिंकरलं.

"अगं, बसू नको," हे म्हणाले. आवाज पार बदललेला, हुकमी. "गार व्हायच्या आत उघडाय पाहिजे. फट कुठं हाय ते घावलं पाहिजे. ओलं फडकं आण."

बोटं भाजत, फू फू करत, ओल्या फडक्यांनी धरत आम्ही परत सगळं खोललं. परत ट्यूब, परत बूच. ह्या वेळी फुगा त्यांनी स्वतः दाबला. काटा वर गेला आणि लगेच घसरायला लागला. मी ब्रशने फेस लावत गेले. आखूड नळी जिथे सिलिंडरला जोडली होती, त्या सांध्यातून बुडबुड्यांची एक माळ निघाली, एकामागून एक, मजेत.

"हितं!" मी ओरडले. "हितं हाय चोर!"

ह्यांनी दोन नट काढले, नळी सुटी केली आणि मधलं पॅकिंग नखाने उचललं. पॅकिंग म्हणजे दोन लोखंडी तोंडांच्या मध्ये हवा जाऊ नये म्हणून घालायचा कागद. ते बघितलं आणि ह्यांनी माझ्याकडे पाठ केली.

"काय झालं?"

त्यांनी ते पॅकिंग मुठीत मिटलं.

"आवं, काय हाय? दाखवा की!"

त्यांनी हात मागे करून तळव्यावर ते पॅकिंग धरलं. मी चष्मा पुसून पाहिलं. जाड, मऊ, साय रंगाचा कागद, तेलाने काळवंडलेला. आणि त्यात एका बाजूला गुलाबाची पाकळी. खरीखुरी, वाळलेली, कागदाच्या पोटात लगद्याबरोबरच दाबलेली. दुसऱ्या बाजूलाही तशीच पाकळी असणार, पण ती उष्णतेने आणि पेट्रोलने कधीच विरून गेली होती, आणि तिच्या जागी आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत एक बारीक वाट उरली होती.

सांगानेरच्या कारखान्यातला हातकागद. लग्नपत्रिकांसाठी परदेशात जातो, फुलं घातलेला. कापून उरलेल्या पट्ट्या हे पिशवी भरभरून घरी आणतात. माझ्या डब्यांखाली तो, निलयच्या पुस्तकांना तो, आणि आता इंजिनातही तोच.

"दिवाळीला कार्बोरेटर साफ केला तवा जुनं पॅकिंग फाटलं," पाठ तशीच ठेवून ते म्हणाले. "पॅकिंगचा कागद संपला हुता. ह्यो जाड हुता. म्हटलं, काय हुतंय."

गार असताना पेट्रोलमधलं तेल त्या वाटेत घट्ट बसायचं, थंडीत तूप थिजतं तसं, आणि फट बुजायची. गाडी तापली की तेल पातळ, वाट मोकळी. हे त्यांनी मला समजावून सांगितलं, पण आवाजातला हुकूम गेला होता. मग ते वळले आणि त्यांचा चेहरा पाहून मी परत घाबरले.

"म्हंजे हात शाबूत हाय. पण डोकं? फुलाच्या कागदाचं पॅकिंग कोण करतंय गं? वर्कशॉपात कुण्या जवानानं असलं केलं असतं तर त्याला मी पाठीवर पिठ्ठूचं वझं लादून ग्राउंड धावायला लावलं असतं. निलय म्हणतोय तेच खरं असंल."

आणि मला हसू फुटलं. मला ते आवरेचना. मी त्या गार फरशीवर बसून हसत होते आणि हे माझ्याकडे भांबावून बघत होते.

"आवं, डोकं गेलं म्हणता? मग ते कधीचंच गेलंय! झाशीला असताना माझ्या कुकरला ट्रकच्या ट्यूबची रिंग कापून घातली हुती, ते कोण हुतं? आठवडाभर वरणाला टायरचा वास! तवा तर तुमची तिशी बी सरली नव्हती. निलयच्या दप्तराचा बंद तुटला, तर त्याला तंबूची दोरी लावून पाठवला, पोरं त्याला तंबूवाला म्हणायची. आन् माझ्या बहिणीच्या लग्नात माझी चप्पल तुटली तर तिला तांब्याची तार! सगळ्या वरातीत माझा अंगठा टोचत हुता." मला धाप लागली. "ही बिमारी न्हाई, ही तुमची खोड हाय. जित्याची खोड. डॉक्टरला इचारा पाहिजे तर, त्याच्याकडं हिच्यावर औषध असलं तर मलाच पहिलं पाहिजे!"

ते आधी नुसतेच बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. मग खांदे. मग एवढा मोठा सुभेदार तोंडावर पंजा धरून हसायला लागला आणि हसता हसता कधी रडायला लागला ते दोघांनाही कळलं नाही. "माझीच चूक हाय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माझीच चूक हाय गं, माझीच," आणि असं म्हणत होते की जणू कुणी त्यांना पदकच दिलंय. स्वतःची चूक सापडली म्हणून इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दुपारी ते स्वतः बाजारात जाऊन खरा पॅकिंगचा कागद घेऊन आले. नळीच्या तोंडावर ठेवून हातोडीने हलके हलके ठोकत, कडेने नेमका कापला. ठोके एका तालात पडत होते. निलय घरी आला तेव्हा राजदूत फाटकात उभी होती, चांगली तापलेली, आणि डुग डुग डुग करत होती.

"आई, किल्ली?" त्याचा आवाज चढला. "बाबा, हे काय? मतलब, आपलं ठरलं होतं ना?"

मी काही बोलायच्या आत माथुरजी रस्ता ओलांडून आले. त्यांनी निलयला हाताला धरून सकाळची हकिकत सांगितली, हात वर करून दाखवले, किंचाळीचा आवाजही काढून दाखवला. कजोडमल हातगाडी घेऊन चालला होता, त्यालाही थांबवून सांगितलं. ज्या तोंडाने निकाल दिला होता त्याच तोंडाने त्यांनी तो फिरवला, आणि मी त्यांना त्या दिवसापुरतं सगळं माफ केलं. ह्यांनी ते पॅकिंग निलयला दाखवलं. निलयने पाकळी पाहिली, बापाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा झाला.

"सॉरी, बाबा."

"सॉरी कशापायी? तू घाबरला हुतास." ह्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "डॉक्टरकडं जाऊ की. ठरलंय तर जाऊ. त्यांना म्हणावं, गार असताना बघू नका, चांगला तापवून बघा."

सावनी हसली आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ते ठीकच होतं. आमच्या घरात तो दिवसच तसा होता.

डॉक्टरांनी ह्यांना बोटं नाकाला लावायला सांगितली, सरळ रेषेत चालवलं, उलटे आकडे म्हणायला लावले आणि शेवटी सांगितलं की वयाच्या मानाने माणूस उत्तम आहे. निलयने सुटकेचा श्वास सोडला तो मला बाहेरच्या खोलीत ऐकू आला. पण खरी परीक्षा अजून व्हायची होती, आणि ती ह्यांना डॉक्टरांकडे द्यायची नव्हती.

रविवारी सकाळी त्यांनी मला मागे बसवलं. जवाहर नगरातून निघालो, शहर मागे पडलं, कानोत्याच्या धरणाच्या बांधापर्यंत गाडी आली तेव्हा इंजिनाची धग माझ्या पायाला साडीतून लागत होती. बांधावर सहलीला आलेली माणसं होती, पोरं पतंग उडवत होती. ह्यांनी मूठ सोडली. मी मागून त्यांच्या खांद्यावरून उजव्या हाताकडे बघत होते. इंजिन खाली आलं, डुग डुग डुग, आणि खालीच राहिलं. चढलं नाही. त्यांनी थोडा वेळ तसंच चालू ठेवलं. मग किल्ली फिरवली आणि खाली उतरून बांधाच्या कठड्यावर बसले.

मी शेजारी बसले. पाण्यावर बगळे होते. ते एकेक खडा पाण्यात टाकत राहिले.

मग म्हणाले, "तुला एक सांगू? त्या दिवशी मी मूठ सोडली हुती का न्हाई, ते मला बी ठावं नव्हतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते.

"इतके दिवस छातीठोक सांगत हुतो, सोडली हुती म्हणून. पण रोज वाटायचं, पिळली असंल. आठवायला बघायचो, तर आठवायचंच न्हाई. नुसता तेवढा आवाज आठवायचा."

इतके दिवस एकाच घरात, एकाच भीतीने, दोघांनी दोन कोपऱ्यांत बसून काढले होते. मी त्यांचा उजवा हात घेतला. खडबडीत, पॅकिंग कापताना अंगठ्यावर नवीन ओरखडा पडलेला, ऊबदार. तो माझ्या हातात शांत होता.

"मला तरी कुठं ठावं हुतं," मी म्हटलं. "म्हणून तर किल्ली चोरली."